डिकीचा पोटमाळा

सीएनजी बसवलेल्या गाडीच्या मालकाला डिकीबद्दल विचारू नये. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा आम्हीही सिलिंडर बसवून घेतला. साठ लिटर मापाचा. गॅस मावतो आठ-नऊ किलो, जागा खातो चौघांच्या बॅगांची. जेवून लवंडलेल्या घरजावयासारखा तो मागच्या सीटला टेकून पडलेला असतो आणि त्याला कोणी ऊठ म्हणू शकत नाही.

त्यावर मला रात्री अकरा वाजता तोडगा सुचला. सिलिंडरच्या उंचीला प्लायचा खोटा तळ टाकायचा. डिकीला पोटमाळा! मी बायकोला उठवून सांगितलं. "अहो, सुतार बोलवा," म्हणून ती कुशीवर वळली. हे मला लागलं. पंचवीस वर्षं मी ड्रॉइंगांवर सह्या करतोय. नुसत्या सह्याच करतोय ही गोष्ट वेगळी.

प्लायच्या दुकानात "साधा की मरीन?" असं विचारल्याबरोबर मी मरीन म्हणालो. तो उकळत्या पाण्यातही सुटत नाही. आमची गाडी उकळत्या पाण्यातून जायची वेळ अजून आलेली नाही, पण "अठरा एमएम मरीन द्या" म्हणताना आवाजच बदलतो. कापणाऱ्या मिस्त्रीने माझा मिलिमीटरांचा कागद उलटसुलट करून विचारलं, "साहेब, सुतात किती?" आठ सुतांचा एक इंच, हे मला माहीत होतं, भागाकार मात्र येईना. त्याचं आणि माझं सूत जमेपर्यंत डाव्या चाकाच्या फुगवट्यापाशी तीन सूत जास्त उडालं होतं. ती फट हवा खेळायला ठेवलीय, असं मी सांगतो.

तीन रविवार गेले. मधोमध पियानो बिजागरीवर दीड फुटाची झडप, वर करडं कार्पेट, खाली स्टेपनी. सोसायटीतल्या अकरा जणांना मी डिकी उघडून दाखवली. बारावे मला पाहून जिन्याने गेले.

स्टेपनीचा विषय निघालाच आहे तर बोलूनच घेतो, कारण घरी कोणी ऐकत नाही. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी हे जादा चाक काढलं. तोवर गाड्यांना जादा चाकच नसे. पंक्चर झालं की साहेब रस्त्याकडेला बसून टायर उकलत. डेव्हिसांच्या चाकाला आरे नव्हते. हवा भरलेलं नुसतं कडं. ते पंक्चर चाकाला बाहेरून आवळायचं आणि निघायचं. पुढे इंग्रज स्पेअर व्हील म्हणू लागले आणि स्टेपनीला विसरले. ब्राझीलवाल्यांनी तिचं एस्तेपे केलं. आपण तर तिला घरातलीच करून टाकली. वेल्समधला एक रस्ता आपल्या प्रत्येक गॅरेजात हाताला ग्रीस लावून उभा आहे आणि त्याला पत्ता नाही! शिवाय गरज पडेल तेव्हाच आठवण होणाऱ्या माणसाला याहून चांगला शब्द मराठीला सापडलेला नाही. ऑफिसात माझा उल्लेख साहेबांची स्टेपनी असाच होतो.

असो. खरं तर या खटाटोपाचं कारण वेगळं होतं. गेल्या मे महिन्यात गुहागरजवळच्या घरून निघताना आईने फणस आणला. मी डिकीत डोकं घालून, तिच्याकडे न बघताच म्हणालो, "आई, पुरे आता. जागा नाही." ती काही बोलली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तो फणस पोटाशी धरून उलटी पडवीत गेली. किलोमीटरमागे काही रुपये वाचतात म्हणून मी हे धूड गाडीत घेतलं होतं, आणि त्याचा राग तिच्यावर काढला होता. कुंभार्ली घाट चढेपर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

या मे महिन्यात मात्र पोटमाळ्यावर फणस बसला. आडवा, पण बसला. आईने मरीन प्लायवर टकटक करून बघितलं, झडप दोनदा उघडून मिटली. आंब्याची दुसरी पेटी मात्र मी नाकारली, आणि तिने ती मुकाट्याने नेली.

कुंभार्ली घाटात, निम्म्या चढणीवर, मागचं डावं चाक बसलं. फणस रस्त्यावर उतरवला, झडप उघडली. स्टेपनी समोर दिसत होती. टायर दोन फुटांचा, झडप दीड फुटाची. मी तो तिरका केला, दाबला, विनवला. तळ चोवीस स्क्रूंनी पक्का बसवलेला आणि स्क्रूड्रायव्हर पुण्यात. बायको फणसाशेजारी कठड्यावर बसून दरीकडे बघत होती. सुताराचं नाव तिने काढलं नाही, हे तिचे उपकार. शेवटी मागच्या ट्रकचा क्लीनर टॉमी घेऊन आला आणि तीन रविवार त्याने दोन मिनिटांत उचकटले.

स्टेपनीच्या वाटीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेले आठ हापूस होते आणि आमसुलांची पुरचुंडी. एकही आंबा दबलेला नव्हता.

रेंज आल्यावर मी आईला फोन लावला. आवाज चढवायचा ठरवूनच लावला.

"अरे, त्या चाकात जागा होती की," ती म्हणाली.