नव्वद सेकंद काहीही करू नका!

(एकपात्री प्रयोग)

(रंगमंचावर एक खुर्ची. खुर्चीवर फ्लास्क आणि दोरी लावलेला नारिंगी फुगा. मागे हँगरला लटकणारा काळा वेटसूट. बाई पन्नाशीची. पंजाबी ड्रेस, पायांत स्पोर्ट्स शूज. लगबगीने येते.)

बसा, बसा. दचकू नका, तो कुणी माणूस लटकलेला नाही. वेटसूट आहे. माझाच. (हँगर फिरवत) मागूनही बघून घ्या. फक्त किंमत विचारू नका. यांना निम्मी सांगितलीय, आईला त्याच्या निम्मी, आणि माझी मी समजूत घातलीय की सेलमध्ये मिळाला.

मी मूळची सांगलीची. आता असते बोल्टनला, मँचेस्टरच्या शेजारी. औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. दिवसभर लोकांना सांगायचं, "ही गोळी जेवणानंतर, ही झोपताना, आणि फार दगदग करू नका हं." आणि संध्याकाळी घरी येऊन ट्रायथलॉनची तयारी करायची.

ट्रायथलॉन म्हणजे काय? आधी पोहायचं. मग ओल्या अंगानं सायकल मारायची. मग सायकल टाकून पळायचं. मागे कुणी लागलेलं नसताना!

यातला जो थोरला प्रकार, आयर्नमॅन, तो निघालाच मुळी एका वादातून. हवाई बेटांवर लोकांची जुंपली. सगळ्यात दमदार कोण? पोहणारा, पळणारा, की सायकलवाला? तिथे जॉन कॉलिन्स म्हणून एक नौदलातले अधिकारी होते. ते म्हणाले, भांडता कशाला? तिन्ही एकाच दिवशी करा. ३.८ किलोमीटर पोहा, १८० किलोमीटर सायकल मारा, वर ४२ किलोमीटर पळा. १९७८ साली १५ जण उतरले, १२ जणांनी पुरं केलं. विषय संपला.

आता हाच वाद आमच्या सांगलीत मारुती चौकात झाला असता, तर? भडंग खाल्लं असतं, चहा झाला असता, "तुझंही बरोबर, माझंही बरोबर" म्हणून सगळे घरी, आणि उद्या संध्याकाळी परत तोच वाद. चाळीस वर्षं पुरला असता हो! एवढा चांगला वाद या माणसानं एका दिवसात मिटवून टाकला.

तर आमच्या बोल्टनला ही आयर्नमॅनची शर्यत बरीच वर्षं व्हायची. मी आणि शेजारच्या गुजराती बेन रस्त्याच्या कडेला उभ्या. त्यांच्या हातात थेपले, माझ्या हातात घंटा. टाळ्या वाजवायला काय जातंय? पण समोरून साठीच्या बाया सायकलवरून सूंऽऽ निघून जायच्या. त्या माझ्याकडे बघून हसायच्या, आणि मी थेपला खात असायची.

एका रात्री मी यांना म्हटलं, "अहो, मीही करणार." हे म्हणाले, "कर की."

नवरा इतक्या पटकन "कर की" म्हणाला, म्हणजे त्यानं ऐकलेलं नसतं. मी तेवढ्यात फॉर्म भरला.

थोरली नाही, धाकटी पाती. स्प्रिंट म्हणतात. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. सायकलचं काय, बोल्टनला सगळीकडे चढच आहे. उतार कुठे जातात कुणास ठाऊक! पळण्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. मी पळते, आणि चालणारी माणसं मला "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे जातात.

पण पोहणं? (पदर खोचल्याचा अभिनय) पोहणं आमचं घरचं! कृष्णाकाठची पोर मी. काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि दिलं ढकलून घाटावरून. तो कोचिंगचा पहिला तास, आणि तोच शेवटचा. पुढे डबा सुटला, मी तरले. सूर मारायचा, मुटका मारायचा. त्यामुळे इथल्या कोचबाईंनी जेव्हा विचारलं, "उघड्या पाण्यात पोहलायत का कधी?", तेव्हा मी म्हटलं, "बाई, मी झाकलेलं पाणी पहिल्यांदा तुमच्याकडे बघितलं!"

कोचबाई सत्तरीच्या. अंगानं काटकुळ्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. मे महिना होता.

सरावाची जागा कुठली? सॅलफर्ड कीज. मँचेस्टरची जुनी गोदी. १८९४ साली कालवा खणून समुद्रावरच्या बोटी थेट मँचेस्टरच्या दारात आणल्या या लोकांनी. कापूस यायचा, धान्य यायचं. मग सगळं थंडावलं, १९८२ साली गोदी बंद. पाणी असलं घाण की बोलायची सोय नाही. मग ते कालव्यापासून तोडलं, त्यात हवा सोडून सोडून स्वच्छ केलं, आणि २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रायथलॉन तिथेच झाली. आता त्यात मासे आहेत. एक मला पायाला लागला. सांगलीत पायाला काही लागलं तर नमस्कार करायचा, निर्माल्य असतं. मी सवयीनं केला.

निघायच्या आधी आईचा व्हिडिओ कॉल.

(आईच्या आवाजात) "पाणी किती आहे गं?"
"तेरा, आई."
"तेराच? मग नदी आटलीय की!"
"आई, तेरा फूट नाही. तेरा अंश!"

सांगलीच्या माणसाला पाण्याची एकच मोजणी कळते, आयर्विन पुलाखाली किती फूट. २०१९ च्या पुरात ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून आईला जगातलं बाकी सगळं पाणी किरकोळ वाटतं.

"अंश म्हणजे काय?"
"आई, फ्रीजमधून पाण्याची बाटली काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवलीस, की होतं ना तेवढं गार."
"मग तापवून घे."

(वेटसूट हँगरवरून काढते.)

तर हा. गादी तीन बाय सहाची आणि खोळ उशीची, असं हे प्रकरण आहे. पायात आधी प्लास्टिकची पिशवी घालायची, म्हणजे पाय सरकतो. नखं लावायची नाहीत, फाटतो. चिमटीत धरून इंच इंच वर ओढायचा. (ओढते) गुडघा झाला… मांडी झाली… इथे थांबायचं. पाणी प्यायचं. परत ओढायचं. मानेला वंगण चोपडायचं, नाहीतर कातडी सोलवटते. झीप पाठीला. म्हणजे नवरा लागतोच. आमचे हे झीप ओढायला आले, एक पाय माझ्या कमरेला लावला आणि म्हणाले, "श्वास सोड." मी सोडला. तो परत घ्यायला जागाच उरली नाही.

मी कोचबाईंना म्हटलं, "पण आता पाणी आत येणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "येणार. यायलाच पाहिजे. पाण्याचा एक पातळ थर आत शिरतो, तो तुझ्या अंगाच्या उबेनं तापतो, आणि मग तो तुला ऊब देतो."

(प्रेक्षकांकडे बघत राहते.)

म्हणजे इथेही पाणी बाईनंच तापवायचं!

मग फुगा. हा कमरेला बांधायचा, मागे तरंगत येतो. लांबून आपण दिसावं म्हणून. काकांचा डबा पाठीला होता, हा मागे. पन्नास वर्षांत शास्त्रानं मारलेली मजल एक हात दोरी!

उतरायची वेळ आली. मी धक्क्यावर उभी राहिले, हात जोडले, सूर मारणार, तेवढ्यात कोचबाई ओरडल्या, "उडी नाही!"

का? तर गार पाणी एकदम अंगाला लागलं की माणूस आपसूक हाऽऽ करून श्वास ओढतो. तो आपल्या हातात नसतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीस पटीनं काढून घेतं. हृदय धडधडतं, धाप लागते, आणि माणूस घाबरून हातपाय मारायला लागतो. चांगले पट्टीचे पोहणारे जातात ते बऱ्याचदा असे, पहिल्या दोन मिनिटांत.

"मग मी करू काय?"

कोचबाई म्हणाल्या, "हळू उतर. तोंडावर, मानेवर पाणी मार. मग उताणी पड आणि नव्वद सेकंद काहीही करू नकोस."

मी म्हटलं, "म्हणजे काय करू?"
"काही नाही."
"हो, पण काही नाही म्हणजे नेमकं काय?"

अहो, मला कळेना! मला आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं. लग्नाआधी आई म्हणायची, "नुसती बसू नकोस, लसूण तरी सोल." सासूबाई तेवढंही म्हणायच्या नाहीत, समोर गवार आणून ठेवायच्या. आजारी पडले तर हे म्हणतात, "तू पडून राहा", आणि पाठोपाठ, "जिरं कुठंय?" आणि ही परकी बाई मला पैसे घेऊन शिकवतेय, काही करू नको!

(पाण्यात उतरण्याचा अभिनय.)

घोटा. ठीक. गुडघा. ठीक आहे. कंबर. (आवाज चढतो) ठीकच आहे! आणि पाठीच्या झिपेतून एक थेंब आत आला. मणका मणका मोजत खाली गेला. हाऽऽ! हाऽऽ! हाऽऽ! मी देवांची नावं घ्यायला लागले. गणपती झाला, खंडोबा झाला, ज्योतिबा झाला. होडीतला जीवरक्षक पोरगा कोचबाईंना विचारतो, "या कुणाला हाका मारतायत? आणखी कुणी पाण्यात आहे का?"

"उताणी पड!"

पडले. कान पाण्यात. वर करडं आभाळ. आणि सुरू! पोहायचं नाही. हात मारायचा नाही. मग डोकं लागलं कामाला. डाळ भिजत घातली का? दुकानाच्या कपाटाची किल्ली कुठाय? बेनचा डबा परत द्यायचाय, रिकामा कसा द्यायचा? इतक्यात हात हलला. कोचबाई धक्क्यावरून, "मी बघतेय!"

हळूहळू धाप उतरली. श्वास आपला आपण लांब व्हायला लागला. मी काही केलं नव्हतं हो त्यासाठी! तीच तर गंमत. आतापर्यंत मला वाटायचं, मी केल्याशिवाय घरातलं पान हलत नाही. इथे मी हातही हलवला नाही आणि माझंच सगळं जागेवर आलं.

मग पोहले. पोहण्याच्या तलावात तळाला रेघ असते, इथे तळच दिसत नाही. दर थोड्या वेळानं डोकं वर काढून पिवळा बोया बघायचा, त्याच्या दिशेनं हात मारायचे, वळसा घालून परत. केलं!

बाहेर आले तेव्हा झाशीची राणी होते. पण शरीर बाहेर आल्यावरही आतून आणखी गार होत जातं. दहा मिनिटांनी दात वाजायला लागले. अशा वेळी कढत शॉवरखाली धावायचं नाही, चक्कर येते. ओलं काढायचं, कोरडं घालायचं, टोपी, मोजे, चहा. चहा यांनी केला होता. साखर नव्हती. पण निम्मा अंगावर सांडला, त्याची ऊब चांगली लागली.

आईला फोन केला. "आई, पोहले!"
"कुठे पोचलीस?"
"जिथून निघाले तिथेच."
"मग गेलीस कशाला?"

(खुर्ची पुढे ओढून बसते.)

आता तुमची पाळी. नव्वद सेकंद. काहीही करायचं नाही. (घड्याळ बघते) सुरू.

(शांतता.)

काकू, तिसऱ्या रांगेतल्या, पर्स मिटा. काका, टाळ्यासुद्धा नाहीत, ते करणं झालं. ताई, मोबाइल उलटा ठेवलात तरी तो उचलायचा विचार दिसतोय मला.

(शांतता. तिचाच पाय हलू लागतो. ती हातानं गुडघा दाबते. फोन वाजतो. न उचलण्याचा प्रयत्न करते. उचलते.)

हं, आई. नाही गं, कामात नाही… काही करत नाहीये. खरंच, काहीही करत नाहीये.

(आईच्या आवाजात) "रिकामीच आहेस ना? मग एक काम कर —"

(अंधार.)