दिवा लागतो, दिवा विझतो

नांदेडहून निघालेल्या गाडीचा पिवळा इंजिन-दिवा लोह्याच्या पुढं लागतो, अहमदपूरला चहा होईस्तोवर विझतो आणि चाकूरजवळ पुन्हा उगवतो. लातूरच्या गॅरेजात पोचलात की मात्र हटकून बंद! मग मिस्त्रींचं ठरलेलं निदान: "काय नाही साहेब, सेन्सर असंल. चालतंय." उपचारही ठरलेलाच. बॅटरीचं टर्मिनल काढायचं, दहा मिनिटं गप्पा मारायच्या, परत बसवायचं. दिवा गेला, पैसे द्या.

गंमत अशी की, दिवा विझला तरी बिघाडाचा कोड गाडीच्या संगणकात काही काळ राहतो. टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांत तो पुसला जातो. म्हणजे चोर सापडायच्या आत आपण पंचनामाच जाळून टाकतो. काही महाभाग तर दिव्यावर काळी टेप चिकटवतात. त्यांचा प्रश्न कायमचा सुटतो.

खरं कारण बहुधा किरकोळ निघतं. पांढरी बुरशी चढलेलं टर्मिनल, ढिली अर्थिंग, उंदरानं कुरतडलेली वायर. एबीएसचा दिवा असेल तर चाकाजवळच्या सेन्सरवर थापलेली आपली काळी माती. पण हे दिसायला बॉनेट उघडावं लागतं, आणि आपण ते उघडतो दसऱ्याला, हळदकुंकू वाहायला.

तेव्हा टर्मिनलला हात लावू देण्याआधी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावायला सांगा आणि कोड लिहून घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर लातूर कितीही जवळ असो, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.