ठणठणीत गाजरगवत

क्लबाच्या वार्षिक सभेत मैदानाला पडलेल्या टकलांबद्दल सर्वांत मोठ्या आवाजात मी बोललो, म्हणून मैदान समितीचं अध्यक्षपद माझ्याच गळ्यात पडलं. हिरवळीतलं मला कळतं ते इतकंच, की ती हिरवी असावी. पण भाचा उसाच्या फडांवर ड्रोन उडवतो. माळीकाका गुडघ्यावर बसून दिवसभर शोधतात ते यंत्र वरून चुटकीसरशी सांगेल, असं मी जाहीर केलं, तेही माळीकाकांसमोरच. ते तंबाखू मळत राहिले.

भाच्यानं आल्याआल्या मोबाईलवर सरकारच्या डिजिटल स्कायचा ड्रोन-नकाशा पाहिला. "मामा, मैदान ग्रीन झोनमध्ये आहे." मी कौतुक समजून सगळ्यांकडे पाहिलं. ग्रीन झोन म्हणजे २०२१च्या ड्रोन नियमांनुसार ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही असं आकाश. गवताशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे त्यानं सगळ्यांदेखत समजावलं. मग गवत कुठलं, म्हणून विचारलं. मी रुबाबात 'बर्म्युडा' म्हणालो. त्यानं वाकून एक काडी उपटली.

"ही तर हरळी! ही शेतातून काढता काढता आमची कंबर मोडते, आणि तुम्ही पाणी घालून वाढवताय?"

खरंच, दोन्ही एकच. गणपतीच्या दूर्वाही त्याच. बर्म्युडा म्हटलं की बिल वाढतं, एवढाच फरक.

सावल्या आखूड असाव्यात म्हणून भर उन्हात उड्डाण ठरलं. भाच्यानं आधी एक करडी चौकोनी पाटी जमिनीवर मांडली. बरी सोय केली, म्हणून मी तिच्यावर चहाचे ग्लास ठेवले. ती पाटी किती प्रकाश परत फेकते हे पक्कं ठाऊक असतं आणि तिच्या फोटोवरून पुढचं सगळं मोजमाप लावतात. तिच्यावर बोटाचा ठसाही चालत नाही. चहाचं वर्तुळ पुसताना भाचा माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

ड्रोन नांगराच्या तासांसारखा इकडून तिकडे फिरला. तत्त्व सोपं आहे: निरोगी पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. दोन्हींतल्या फरकाला बेरजेनं भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एक. १९७०च्या दशकात लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर हे गणित मांडलं गेलं, एनडीव्हीआय नावानं. संध्याकाळी नकाशा आला: हिरवं म्हणजे निरोगी, लाल म्हणजे उलट. मैदानाच्या मधोमध लालभडक आयत! माळीकाका लग्नाला गेले होते. रुग्णाची अवस्था पाहून मी स्वतःच रात्रभर त्या आयतावर पाइप सोडून ठेवला.

तो आयत म्हणजे खेळपट्टी. सकाळी सामना होता. पहिल्याच षटकात चेंडू टप्पा खाऊन तिथंच रुतला, आणि यष्टिरक्षक पुढे येऊन तो उपटून घेऊन गेला.

"साहेब, तिथलं गवत मीच मारलंय. रोलर फिरवून फिरवून," माळीकाका म्हणाले. मग चष्मा लावून त्यांनी नकाशा वाचायला घेतला, जसा हातावरचा वाचतात. दुसरी लाल पट्टी नेटमधल्या प्लास्टिकच्या हिरवळीची होती. सगळ्यांत ठणठणीत हिरवा तुकडा साइटस्क्रीनमागच्या नाल्याकाठच्या गाजरगवताचा. यंत्र हिरवेपणा मोजतं, वनस्पतीची जात विचारत नाही.

नंतर त्यांचं बोट एका बारीक हिरव्या रेषेवर थांबलं. फेब्रुवारीत आजूबाजूचं गवत वाळलेलं, आणि ही एकटी रेष टवटवीत. "जमिनीखालची लाइन गळतीय," ते म्हणाले. बोट कुंपणापर्यंत सरकत गेलं. कुंपणापलीकडे माझा बंगला, आणि भिंतीला लागून माझी केळ, जिच्या घडांचे फोटो मी 'कसलंही खत न घालता' म्हणून ग्रुपवर टाकत असतो.

समितीत कुणीतरी तातडीच्या दुरुस्तीचा ठराव मांडला. अध्यक्ष या नात्यानं मी आधी तीन कोटेशनं मागवावीत असं सुचवलं. घड अजून कोवळा आहे.