आवाज काढणारे भाऊ

धुळ्याच्या देवपुरात काही माणसं अशी आहेत की त्यांना मुकी वस्तू सहन होत नाही, आणि बोलणारी तर त्याहून नाही. मुकीला ते बोलतं करतात. बोलणारीला, ती जे बोलते ते सोडून दुसरंच काही बोलायला लावतात. आमच्या कॉलनीतले भाऊ त्यातले. धंदा मोटार वायंडिंगचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उन्हाळाभर येतच राहतात, त्यामुळे पोटापाण्याची ददात नाही. उरलेला वेळ सगळा आवाजाला.

भाऊंची सुरुवात दारावरच्या बेलपासून झाली. यूएम-६६ नावाची, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी तीन पायांची एक चिप पूर्वी रेडिओवाल्यांकडे मिळायची. तिच्यात एक धून कारखान्यातूनच भरून यायची. भाऊंनी ती बेलमध्ये घातली, मग लूनाच्या इंडिकेटरला, मग फ्रिजच्या दाराला. वहिनींना कोथिंबिरीची जुडी सापडेपर्यंत फ्रिज वाढदिवस साजरा करायचा. पण ती धून कंपनीची! "सर, वाजतं खरं," भाऊ मला म्हणत, "पण आपलं काही वाजत नाही." हे शल्य त्यांनी बरीच वर्षं बाळगलं.

मग त्यांच्या पोऱ्याने हट्टाने प्लेस्टेशन घेतला, आधी ४ आणि पुढे ५. पोऱ्या त्यावर खेळतो, आणि अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकावरही खेळतो. भाऊंना गेम खेळता येत नाही, येण्याची इच्छाही नाही. एका रात्री वरच्या खोलीतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं. आजी उठून बसल्या. "कोन रडी ऱ्हायनं रे?" घरात तर तान्हं कोणी नाही. वर जाऊन पाहतात तो नातू हातातला रिमोट डावी-उजवीकडे झुलवतोय आणि रडणं त्या रिमोटमधून येतंय. 'डेथ स्ट्रँडिंग' नावाचा २०१९चा हा गेम. त्यातला हमाल छातीवर काचेच्या कुपीत बाळ घेऊन हिंडतो. बाळ रडतं ते खेळणाऱ्याच्या हातात, आणि रिमोट जोजवला की गप्प होतं. नातवाला काही ते जमेना. आजींनी रिमोट ओढून घेतला, मांडीवर धरला, दोन झोके दिले. बाळ शांत. सहा नातवंडं वाढवलेल्या बाईला त्यात विशेष ते काय वाटणार!

झोप उडाली ती भाऊंची. रिमोटला तोंड आहे, ही बातमी त्यांना इतकी वर्षं कोणी दिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पोऱ्याकडून सगळा इतिहास वदवून घेतला. निंटेंडोच्या वीच्या रिमोटमध्ये २००६ साली स्पीकर होता. प्लेस्टेशन ४च्या रिमोटमध्ये २०१३ पासून आहे. 'जीटीए ५'मध्ये पोलीस मागे लागले की त्यांचा वायरलेस हातातच खरखरतो. म्हणजे कंपनी म्हणेल ते हा बोलतो, आणि ज्याने सहा हजारांच्या आसपास रुपये मोजले त्याचं एक अक्षर बोलत नाही. भाऊंना हा सरळ अन्याय वाटला.

प्लेस्टेशन ४चा जुना रिमोट ब्लूटूथने संगणकाला जोडला गेला, पण स्पीकरांच्या यादीत दिसेना. तो आवाजही दिव्याच्या आणि थरथरीच्या हुकमांच्याच वाटेने, दाबून बारीक करून घेतो. संगणकाला वाटतं, याला नुसती बटणंच आहेत. नवा, प्लेस्टेशन ५चा रिमोट मात्र यूएसबीच्या तारेने जोडला की साउंड कार्ड म्हणून हजर, आणि तेही चार चॅनेलचं. भाऊंनी लगेच गेल्या श्रावणात कानबाईच्या उत्सवाच्या रात्री मोबाइलवर भरलेलं गाणं लावलं.

गाणं वाजलं. डासाएवढं, पण वाजलं. त्या बोटभर स्पीकरातून ढोल साफ गळाला, बायकांचे आवाज तेवढे उरले. आणि मग ढोल दुसरीकडूनच निघाला. रिमोट टेबलावर थरथरायला लागला, ठेक्यावर सरकत काठापर्यंत गेला आणि खाली पडून फरशीवर घुमत राहिला. आजी दारातच होत्या. त्यांनी हात जोडले. "आंगमा वनं रे येना!" कानबाईच्या गाण्यावर अंगात येताना आयुष्यभर पाहिलेल्या बाईचं यात काहीच चुकलं नाही. त्या आठवड्यात पांझरेकाठी एकवीरेला गेल्या तेव्हा त्यांनी रिमोटच्या नावाचा वेगळा नारळ फोडला.

भाऊंनी मात्र कारण शोधलं, आणि ते त्यांच्या धंद्यातलंच निघालं. जुन्या रिमोटात थरथर होते ती एका बाजूला वजन लावलेल्या मोटारींनी. नव्यात थरथरीला मोटार नाही, चुंबक आणि तारेचं वेटोळं आहे. म्हणजे तोही स्पीकरच, फक्त पडदा नसलेला. चारपैकी तिसरा आणि चौथा चॅनेल त्या वेटोळ्यांना जातो, आणि संगणकाने चारही चॅनेलांत गाणं ओतलं होतं. "म्हणजे सर, कॉइलच की! मी जन्मभर दुसरं काय भरतोय?" त्या दिवशी त्यांनी हा शोध वहीत उतरवून ठेवला आणि मला दोनदा चहा पाजला. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी कागदपत्रं जपतंय. भाऊंच्या वहीला अजून तिथून बोलावणं आलेलं नाही, हा भाग वेगळा.

मागचे दोन चॅनेल बंद केल्यावर रिमोट शहाण्यासारखा बोलायला लागला. आता बोलायचं काय? भाऊंनी वहिनींना मोबाइलसमोर उभं करून "जेवाले चाल रे!" अशी हाक भरून घेतली आणि संगणकाला रात्री साडेआठची वेळ लावून दिली. साडेआठला गेममधली फौज गडावर चढत असताना पोऱ्याच्या तळहातात आईचा आवाज फुटला. पोऱ्याने रिमोट फेकला आणि घाबरून खाली आला. जिन्याखालून मारलेल्या हाकांनी जे कधी झालं नव्हतं ते झालं. वहिनींनीसुद्धा त्या दिवशी शेवभाजी वाढताना भाऊंकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं म्हणतात.

आठवडाभर हे चाललं. मग पोऱ्याने मोडक्या हेडफोनची पिन कापून रिमोटच्या भोकात घालून ठेवली. पिन आत गेली की रिमोट समजतो हेडफोन लावलाय, आणि पोटातला स्पीकर गप्प. बाप वायंडिंगवाला, पोऱ्या इतका तरी निघणारच.

भाऊंना राग येईल असं मला वाटलं होतं. उलट चेहरा फुलला. पिन असो वा नसो, आवाज कुठे न्यायचा हे सांगणारा वेगळा हुकूम रिमोटला संगणकाकडून पाठवता येतो, हे त्यांना कळलंय, आणि सध्या ते त्या हुकमाच्या मागे आहेत. दुकानात तीन मोटारी उघड्या पडल्यात. शेतकरी बाकावर बसून पेपर वाचतात. साडेआठला वहिनी जिन्याखाली येऊन पहिल्यासारख्याच हाका मारतात, फक्त आता दोघांच्या नावाने.