वास कुणाचा?

(जुलै महिना. ठाण्यातलं एक गॅरेज. रंगमंचावर शेजारी शेजारी दोन खुर्च्या, मागे एक स्टूल : हीच गाडी. मिस्त्री फडक्याला हात पुसत येतो.)

थांबा साहेब! काच खाली करू नका. वास बाहेर गेला तर मी तपासू काय? हं, लावा एसी. (नाक पुढे करून खोल श्वास. डोळे पांढरे.) आहे. अगदी आहे!

लाजू नका हो. पावसाळ्यात हाच वास घेऊन कितीतरी गाड्या येतात. वास तोच, आरोपी मात्र घरोघरी वेगळा.

(उजव्या खुर्चीत, दबक्या आवाजात) "तुम्हाला म्हणून सांगतो मिस्त्री. हिच्या आईनं मे महिन्यात सुके बोंबील पाठवले होते. डिकीतून."

(टुणकन डाव्या खुर्चीत, पदर सावरत) "आणि खाल्ले कोणी? यांचे जिमचे बूट बघा आधी. हे जिमला जात नाहीत, बूट मात्र वर्षभर गाडीतून फिरतायत!"

(स्टुलावर, म्हातारा आवाज) "मी काही बोलत नाही. पण आमच्या फियाटला कधी वास आला नाही."

आजोबा, फियाटला एसी होता?

"नव्हता. तेच तर म्हणतोय!"

(उठून) बरं, उपाय काय केलेत? आरशाला अत्तराची बाटली. डॅशबोर्डवर कापूर. सीटखाली डांबरगोळ्या. (हुंगतो) वा! एका नाकपुडीत देऊळ, दुसरीत आजीची ट्रंक. आणि मूळ वास? तो मध्ये आरामात बसलाय, वर सुगंधी होऊन!

सरका वहिनी, तुमच्या पुढ्यातला खण काढतो. (काढतो) टोलच्या पावत्या... सॉसच्या पुड्या... मुदत संपलेलं पीयूसी... आणि याच्या मागे हा केबिन फिल्टर. (दोन बोटांत धरून) हा पांढरा असतो. असायचा. गाडी कुठे लावता साहेब?

"झाडाखाली. सावली असते ना."

निम्मी सावली आत आलीय.

आता फिल्टरच्या पलीकडे कूलिंग कॉइल. हवा तिच्यावरून जाताना गार होते, हवेतली वाफ तिथेच पाणी होते आणि पाइपातून खाली रस्त्यावर ठिबकते.

(स्टुलावरून) "म्हणजे गाडी गळते!"

गळायलाच हवी आजोबा! एसी लावूनही दमट हवेत खाली थेंब पडेना, तर पाइप तुंबला समजा. मग तेच पाणी वहिनींच्या पायाखाली. कॉइल ओली, वर धूळ, आत अंधार. बुरशीला आणखी काय पाहिजे? भाडं नाही, डिपॉझिट नाही, आणि एसी फुकट. ठाण्यात माणसाला मिळत नाही अशी जागा!

तेव्हा कॉइलवर फेसाचा क्लीनर मारतो, पाइप मोकळा करतो, फिल्टर नवा घालतो. तो वर्षाला बदला, नाहीतर १०-१५ हजार किलोमीटरला. आणि रोज घर यायच्या ५ मिनिटं आधी एसी बंद, पंखा चालू, हवा बाहेरची. कॉइल सुकते.

"५ मिनिटं? उकडेल हो!"

५ मिनिटं घाम की वर्षभर बोंबील, ठरवा साहेब. आणि हो, कधी गोडसर वास आला आणि काच आतून चिकट धुरकट झाली, तर खूश होऊ नका. कूलंट गळत असेल. तडक गाडी इकडे आणा.

(काम उरकतो. एसी लावतो. लांब श्वास.) काही नाही! बोंबील निर्दोष. सासूबाई निर्दोष. बूट... (हुंगतो) बूट जामिनावर.

हे घ्या बिल.

(दोन्ही खुर्च्यांमध्ये उड्या मारत, दोघांच्या आवाजात) "एवढे?" "एवढे?"

(प्रेक्षकांकडे) ऐकलंत? पावसाळा लागल्यापासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. (वळून) वहिनी, यात फक्त वासाचे पैसे धरलेत. समेटाचे लावलेच नाहीत!

(अंधार.)