आधीचा माणूस

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जुना पेपर अंथरलेला दिसला की समजायचं, अण्णा आज प्लग काढणार. स्कूटर बिघडलेली असायलाच हवी असं नाही. उलट नीट चालणारी गाडी अण्णांना जास्त अस्वस्थ करते. "आवाज ऐकलास? मिसिंग आहे." आपल्याला काही ऐकू आलेलं नसतं, पण भिडेखातर आपण मान हलवतो आणि तिथेच फसतो. मान हलवणाऱ्याच्या हातात लगेच बॅटरी येते.

बॅटरी धरणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. "इंजिनावर मार, माझ्या टकलावर नको." मग अण्णा स्वतःच मधे डोकं घालून सगळा उजेड अडवतात आणि आतूनच विचारतात, "सेल उतरले का रे?"

नव्या माणसाला वाटतं, हे कारखान्यातून निवृत्त झाले असणार. अण्णांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यात झाली. पाना हातात आला तो केवळ चेतकमुळे. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, त्यामुळे प्लगवर काजळी धरणं ठरलेलंच. त्या काळी स्कूटर आडवी करून पुन्हा किक मारणारे आणि डिकीत बनियनच्या फडक्यात जादा प्लग बाळगणारे गृहस्थ गल्लोगल्ली होते. बाकीचे काळाबरोबर सुधारले. अण्णा सुधारले नाहीत.

प्लग बाहेर आला की वैद्य जीभ बघतो तसा अण्णा तो उजेडात फिरवून बघतात. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला, चिकट काळा म्हणजे ऑइल सढळ हाताने पडलंय. पांढरा फटक असेल तर इंजिन तापतंय. बदामी रंग दिसला तर मात्र चेहरा जरा पडतो, कारण मग करण्यासारखं काही उरत नाही. तरी पॉलिश पेपर फिरतोच. गॅप मोजायला फिलर गेज आहे, ते कपाटात, मूळ पाकिटात. हातात असतो हॅकसॉ ब्लेडचा तुकडा. "पॉइंट सहा. मोजून बघ." कोणी मोजत नाही.

प्लग परत बसवताना मात्र अण्णांनी कान पकडायला लावावेत इतके नियम. प्लग लोखंडी, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ. तेव्हा पाना लांब ठेवायचा. प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या नळीचा तुकडा चढवायचा आणि तीच बोटांनी फिरवायची. आटा वाकडा धरला तर नळी घसरते, हेडचं नुकसान होत नाही. आधी थोडं उलटं फिरवायचं, आटा आट्यात पडल्याचं बोटांना कळतं, मग सुलटं. वॉशर टेकला की पान्याने नव्या प्लगला साधारण अर्धा फेरा, जुन्याला त्याहून कमी. "बास. पुढचा फेरा गॅरेजवाल्याच्या पोटासाठी."

हे सगळं अगदी बरोबर आहे, हे मी कुठेही लिहून देईन. शेजारच्या मारुती ८००चे तीन प्लग बदलताना वायरी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून अण्णांनी बायकोच्या, म्हणजे माईंच्या, टिकल्या मागवल्या. पहिल्या वायरीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. गाडी पहिल्याच स्टार्टरला लागली. टिकल्या अजून तशाच आहेत.

अण्णांच्या जगात एक खलनायक आहे, त्याचं नाव 'आधीचा माणूस'. नट जाम आहे? आधीच्या माणसाने आवळलाय. स्क्रूची खाच गेलीय? आधीच्या माणसाने चुकीचा ड्रायव्हर लावला. चेतक घेतल्यापासून अण्णांखेरीज तिला कोणी हात लावलेला नाही, हे माईंनी एकदा फोडणी देता देता सांगून पाहिलं. अण्णांनी ते ऐकलं नाही.

आधीच्या माणसाने कळस केला तो भाचीच्या साखरपुड्याच्या दिवशी. गाडी रस्त्यात बंद पडली. इंजिन गार झाल्याशिवाय प्लग काढायचा नाही, हा अण्णांचाच नियम. पण मुहूर्त जवळ आलेला. गरम हेडमधून प्लग करकरत बाहेर आला, आणि आट्यांत चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळलेली. नवा प्लग नुसताच फिरायला लागला. कसाबसा घट्ट केला, किक मारली, तर आतून असा फाडकन आवाज झाला की समोरचा पानवाला टपरीबाहेर आला. प्लग उडून इंजिनाच्या झाकणावर आपटला होता. अण्णा साखरपुड्याला रिक्षाने गेले.

सोसायटीत सल्ले सुरू झाले. एकाने टेफ्लॉन टेप सुचवली, दुसऱ्याने एम-सील. अण्णांनी दोघांकडेही दयेने पाहिलं. टर्नर म्हणाला, "हेड खोलून आणा, बुश मारून देतो." चार नट सोडले की हेड हातात येतं, ते अण्णांनी आणलंही, कापडी पिशवीत घालून दुकानाच्या पायरीपर्यंत. तिथून परत फिरले आणि थेट रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन चौदा एमएमचा, सव्वाच्या पिचचा इन्सर्ट किट घेऊन आले. टर्नरची मजुरी किटच्या किमतीत आरामात निघाली असती. "पण किट आपल्याकडे राहतो ना!"

शस्त्रक्रिया स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाली, कारण उजेड तिथे. बॅटरी तरीही मीच धरली. मोठा टॅप ग्रीस लावून आत. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. अण्णा इतके गप्प होते की माईंनी गॅस बारीक केला. मग स्टेनलेसच्या तारेची ती गुंडाळी नव्या आट्यांत फिरवत बसवली. तिच्या टोकाला आडवं शेपूट असतं, काम झालं की ते मोडून टाकायचं. मोडलं, आणि उडालं. अण्णांनी जुन्या स्पीकरचं चुंबक आणून जमीन पिंजून काढली, काही लागेना. दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "हे स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही." शेपूट माझ्या पोह्यांत सापडलं, खोबऱ्याखाली.

प्लग मात्र असा बसला, की काय सांगावं! अ‍ॅल्युमिनियमच्या जागी आता पोलादी आटे. अण्णा आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, "कंपनीपेक्षा भारी." आणि रात्री अकराला कोणाची मोटरसायकल गेटाशी बंद पडली की लुंगीवर, प्लग-पाना घेऊन सगळ्यात आधी खाली उतरतात तेही अण्णाच. त्यामुळे बॅटरीला मी नाही म्हणू शकत नाही.

गेल्या दिवाळीत जावयाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पेढे वाटून झाले. अण्णांनी तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, किक नाही. शेवटी मागे वाकून नंबरप्लेटचा स्क्रू बोटाने चाचपला आणि म्हणाले, "जरा सैल वाटतोय." जावई नको नको म्हणेपर्यंत ड्रायव्हर आला. एक फेरा, दोन फेरे, मग स्क्रू नुसताच फिरायला लागला. अण्णा उठले, गुडघे झटकले आणि शोरूमच्या दिशेने हात करून म्हणाले, "आधीच्या माणसाने पार वाट लावलीय. बॅटरी घे रे."