पॅरिसात पोज

तुमसरच्या धान व्यापाऱ्याचं कुटुंब युरोपला निघालं की हॉटेलाआधी फोटोग्राफर ठरतो. दुपारची गाडी गाठायलाही तुमसर रोडला धावत पोचणारे भाऊ पॅरिसात मात्र उजाडायच्या आत आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोवर हजर, कोट घालून, पोट आत ओढून. ‘अगदी सहज हसा,’ फोटोग्राफर सांगतो. तासाचे युरो रुपयांत मोजत सहज हसणं कोणाला जमलंय?

गंमत म्हणजे १८८९चा आयफेल टॉवर दिवसा कोणीही टिपावा. रात्रीच्या रोषणाईवर मात्र हक्क राखीव आहेत, फोटो धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी काढा. गायमुखच्या यात्रेत पडद्यावरच्या ताजमहालासमोर बसवणाऱ्यानं असलं काही विचारलं नव्हतं. फक्त म्हणाला होता, ‘वहिनी, जरा सरका.’